बदली कलावंत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कामगार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गिरणीचा भोंगा, खांद्यावरचा डबा आणि दाराशी भरलेली पाळीसभा उभी राहते. नट किंवा गायक म्हटला की उभा राहतो तो दिव्यांचा झगमगाट. ही दोन चित्रे आपल्या मनात इतकी दूर ठेवलेली आहेत की, दुसऱ्या चित्रातील माणूस हा पहिल्या चित्रातल्याचा सख्खा भाऊ आहे हे आपल्या ध्यानी येत नाही. आज मी तेवढेच सांगणार आहे. कोणत्याही एका संस्थेच्या पगारावर नसलेला, ज्याला आपण कौतुकाने ‘स्वतंत्र कलावंत’ म्हणतो, तो वस्तुतः रोजंदारीवरचा कामगार आहे. त्याचे जे स्वातंत्र्य म्हणून सांगितले जाते, ते बव्हंशी धंद्यातील जोखीम त्याच्या एकट्याच्या माथी मारण्याचे सभ्य नाव होय.

प्रथम त्याचा दिवस पाहू. मी नामवंताचा दिवस घेत नाही. नाटकात काम करणारा, बऱ्यापैकी गाणारा, पेटीवर हात असलेला आणि ज्याला ‘चांगले काम चालले आहे’ असे लोक म्हणतात, अशा मुंबईतील कलावंताचा घेतो. तो राहतो डोंबिवलीला किंवा विरारला, भाड्याच्या खोलीत. सकाळी एक तास रियाझ. त्याचे दाम कोणी देत नाही, आणि तो चुकला तर आवाज बसतो. मग एका मुलाची गाण्याची शिकवणी. तेथून वर्सोव्याच्या आरामनगरात, जेथे निवड करणाऱ्यांच्या कचेऱ्या ओळीने आहेत, तेथे ऑडिशनसाठी रांगेत उभे राहणे. अलीकडे बरेचदा तेही नाही. घरीच फोनपुढे उभे राहून संवाद म्हणावयाचे आणि चित्रण पाठवून द्यावयाचे. उत्तर बहुधा येतच नाही. दुपारी नव्या नाटकाची तालीम. ती पंधरा दिवस चालो की सव्वा महिना, तिचा मोबदला पुष्कळ ठिकाणी शून्य किंवा चहापाण्यापुरता. सायंकाळी दादरच्या शिवाजी मंदिरात नाहीतर ठाण्याच्या गडकरी रंगायतनात प्रयोग. रात्री बाराच्या पुढे शेवटची लोकल. प्रयोग नाशिकला किंवा कोल्हापुरास असेल, तर रात्रभर बसचा प्रवास, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयोग.

या चौदा तासांपैकी दाम मिळाले ते किती तासांचे? एका शिकवणीचे आणि एका प्रयोगाचे. प्रयोगाच्या मोबदल्यास नाट्यव्यवसायात ‘नाइट’ म्हणतात. प्रयोग झाला तर नाइट. थिएटरची तारीख गेली, मुख्य नट आजारी पडला, पावसाने प्रेक्षक आले नाहीत, तर नाइट नाही. मालिकेचे काम मिळाले तर दिवसाचा दर बरा असतो. परंतु पाळी बारा तासांची, आणि पैसे हाती पडतात ते काम झाल्यावर तीन-तीन महिन्यांनी. तोवर घरभाडे थांबत नाही. म्हणजे हा गरीब माणूस निर्मात्याला तीन महिने बिनव्याजी कर्ज देतो, आणि तेही मागणी न करता!

गिरणगावात ‘बदली कामगार’ नावाची एक जात होती, हे आपणांस सांगावयास नको. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी घेण्यासाठी ही माणसे पाळीच्या वेळी गिरणीच्या दाराशी उभी असत. काम मिळाले तर दिवसाचे वेतन, न मिळाले तर रिकाम्या हाताने परत. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या ऐतिहासिक संपात या बदली कामगारांचा प्रश्न ऐरणीवर होता. स्वतंत्र कलावंत हा असाच बदली कामगार आहे. फरक इतकाच की, त्याच्या गिरणीला दार नाही. म्हणून तो दाराशी उभा असलेला दिसत नाही, आणि शेजारी उभा असलेला दुसरा बदलीही त्याला दिसत नाही. संघटना उभी राहण्यात सर्वांत मोठी अडचण आहे ती हीच.

कोणी म्हणेल, कलावंताचे असे नेहमीच चालत आले आहे. तसे नाही. इतिहास पाहिला तर ही स्थिती टप्प्याटप्प्याने कशी आली ते दिसते. १८८०मध्ये किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, आणि त्यानंतर अर्धशतकभर मराठी नट नाटक कंपनीत राहत होता. कंपनीचे बिऱ्हाड असे, पंगत असे, दरमहा पगार असे. त्या व्यवस्थेचे मी गोडवे गात नाही. तेथे मालकशाही होती, मानपान होते, लहान मुलांचे हाल होते. तथापि आज प्रयोग नाही म्हणून आज जेवण नाही, असे तेथे नव्हते. बोलपट आला आणि या कंपन्या एकामागून एक बसल्या. गोविंदराव टेंबे यांचे आयुष्य या स्थित्यंतराचा जणू नकाशाच आहे. १९११च्या ‘मानापमाना’चे संगीत त्यांचे, १९१३मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह तेही एक मालक, आणि १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’ या प्रभातच्या बोलपटात नायकही तेच, संगीतकारही तेच. नट आणि वादक एकाच देहात नांदत असल्याचे याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही.

प्रभातसारख्या चित्रसंस्थांतही कलावंत मासिक पगारावर होते. त्याच काळात एका संस्थेला बांधून न घेता निरनिराळ्या ठिकाणी काम करण्याची वाट दुर्गाबाई खोटे यांनी धरली, आणि ती त्यांच्या करारीपणाची खूण मानली गेली. ते योग्यच होते. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर चित्रसंस्था मोडल्या, आणि दुर्गाबाईंनी आपण होऊन घेतलेले स्वातंत्र्य हजारो लहान कलावंतांवर लादले गेले. निवडलेले स्वातंत्र्य आणि लादलेले स्वातंत्र्य यांत जमीन-अस्मानाचा भेद आहे. ज्याच्या नावावर तिकिटे खपतात तो ‘नाही’ म्हणू शकतो. ज्याच्या नावावर खपत नाहीत त्याला ‘नाही’ हा शब्द परवडत नाही.

वादकांची कथा याहून करुण आहे. हिंदी चित्रपटसंगीताचा तो भरघोस वाद्यमेळ ज्यांनी उभा केला, त्यांत गोव्यातून आलेल्या वादकांचा वाटा फार मोठा. चर्चच्या शाळांत ते व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकले होते. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट ही त्यांतील ठळक नावे. रचना सजविली यांनी, वाजविली यांच्या सोबत्यांनी. पडद्यावर नाव मात्र क्वचितच आले. पैसे मिळत ते ध्वनिमुद्रणाच्या बैठकीचे, रोख. तेच गाणे पुढे पन्नास वर्षे वाजत राहिले, तरी त्या वादकाच्या घरी त्यातले काही पोचले नाही. मग इलेक्ट्रॉनिक वाद्ये आली आणि साठ वादकांचे काम एक माणूस करू लागला. आजचा तरुण गायक म्हणेल, मी माझे गाणे स्वतःच इंटरनेटवर प्रसिद्ध करतो, मला मालक नाही. त्याने एवढे ध्यानी ठेवावे की, २०२४पासून स्पॉटिफाय या कंपनीने असा नियम केला आहे की, बारा महिन्यांत एक हजार वेळा ऐकले न गेलेल्या गाण्यास मोबदलाच नाही. मालक दिसत नाही, म्हणून तो नाही असे होत नाही.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे नाट्यगृहे बंद झाली. नोव्हेंबरमध्ये निम्म्या आसनांवर उघडली, २०२१च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ला पुन्हा उघडली. या दीड वर्षात नाइटवर जगणारे नट, वादक आणि त्यांच्याबरोबर नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा सांभाळणारे रंगमंच कामगार यांचे काय झाले? कारखाना बंद पडला तर निदान नुकसानभरपाईचा दावा तरी लावता येतो. यांनी दावा लावायचा कोणावर? हजेरीपट नाही, नेमणूकपत्र नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. मिळाली ती मदत सहकाऱ्यांच्या आणि दात्यांच्या दयेने. दया चांगलीच, पण जेथे हक्क हवा तेथे दया पुरत नाही.

अन्यत्र हे प्रश्न कसे सोडविले गेले? अमेरिकेत नटांचा संघ १९१३मध्ये स्थापन झाला, त्याचे एक मुख्य कारण म्हणजे बिनपगारी तालमी. १९१९मध्ये नटांनी संप केला, नाट्यगृहे अंधारात बुडाली, आणि मालकांना संघाशी करार करावा लागला. १ ऑगस्ट १९४२पासून तेथील वादकांच्या संघाने ध्वनिमुद्रणावरच बहिष्कार घातला आणि तो दोन वर्षांहून अधिक काळ चालविला. परिणामी तबकड्यांच्या विक्रीतून एक निधी उभा राहिला, आणि बेकार वादकांना त्यातून पैसे देऊन लोकांसाठी मोफत मैफली होऊ लागल्या. यंत्राने हिरावलेल्या रोजगाराची भरपाई यंत्रानेच करावी, हा विचार त्यात होता. २०२३मध्ये तेथील चित्रपट-नटांनी ११८ दिवस संप केला. नटाच्या चेहऱ्याची आणि आवाजाची प्रतिकृती यंत्राकडून करून घ्यावयाची तर त्याची संमती आणि मोबदला हवा, ही त्यांतील एक प्रमुख मागणी होती. फ्रान्समध्ये तर १९६९च्या कायद्याने असे गृहीतच धरले की, रंगमंचावर मोबदल्यासाठी उभा राहणारा कलावंत हा नोकर आहे. तो नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर. तेथे बारा महिन्यांत ५०७ तास काम भरले की, मधल्या रिकाम्या काळासाठी बेकारी भत्ता मिळतो, आणि पगारी तालमीचे तास त्यात धरले जातात. २००३मध्ये या सवलतीला कात्री लावण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा कलावंतांच्या संपामुळे आव्हीन्योंचा जगप्रसिद्ध नाट्योत्सव रद्द करावा लागला.

आपल्याकडे कायदा अगदीच नाही असे नव्हे. १९८१च्या कायद्याने चित्रपट कामगारांशी लेखी करार करणे सक्तीचे केले होते. २१ नोव्हेंबर २०२५पासून केंद्र सरकारने लागू केलेल्या कामगार संहितांनी मालिका आणि इंटरनेटवरील निर्मितीतील नट, गायक, वादकांनाही या कक्षेत घेतले. या संहितांविषयी आपल्या चळवळीचे आक्षेप काय आहेत, हे आपण जाणताच. परंतु येथे मला दोनच गोष्टी नमूद करावयाच्या आहेत. एक, त्या व्याख्येत रंगभूमी नाही. नाइटवर जगणारा माणूस बाहेरच राहिला. दोन, लेखी करार मागणाऱ्याला पुढचे काम मिळेनासे झाले तर कायदा कागदावरच राहतो. एकट्याने मागितला तर तो हट्ट ठरतो, सर्वांनी मागितला तर तो दर ठरतो. हा धडा गिरणी कामगार शिकला होता; कलावंताने तो शिकावयाचा आहे.

आता थोडे आपल्या कामाविषयी. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांनी लोककलेला चळवळीची धार दिली. निळू फुले कलापथकात उभे राहत तेव्हा पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करून पोट भरीत. या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो. परंतु त्याग हा ज्याचा त्याने करावयाचा असतो, दुसऱ्याकडून तो वसूल करावयाचा नसतो. सार्वजनिक समारंभांच्या हिशेबाच्या वह्या उघडून पाहा. मांडववाल्याचे बिल तेथे असते, ध्वनिक्षेपकवाल्याचे असते, हारांचेही असते. गायकाच्या नावापुढे मात्र ‘सहकार्य’ असा शब्द असतो. ज्याला आपण कामगार म्हणतो त्याचा दर आधी विचारावा, तालमीचे दिवस त्यात धरावेत, आणि पैसे कार्यक्रमाच्या दिवशीच द्यावेत. हे पाळणे आपल्या शाखांच्या हातचे आहे. त्यासाठी दिल्लीकडे पाहावे लागत नाही.

मागण्या मोठ्या नाहीत. तालीम हे काम मानावे. तीस दिवसांत मोबदला द्यावा. रंगभूमीला कायद्याच्या व्याख्येत घ्यावे. नट, वादक आणि रंगमंच कामगार यांची एकच नोंदवही असावी, आणि प्रत्येक तिकिटावरील थोडा अंश त्यांच्या आजारपणाच्या व बेकारीच्या निधीत जावा. राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना मानधन देते, ते स्वागतार्ह आहे. परंतु उमेदीची वर्षे ज्याने हक्काविना काढली, त्याला उतारवयात अर्जदार म्हणून रांगेत उभे करणे हा न्याय नव्हे.

आपल्या तालुक्यात, आपल्या वॉर्डात असे चार-दोन कलावंत असतीलच. त्यांच्याकडे जा, पण कार्यक्रम मागावयास जाऊ नका. गेल्या महिन्यात किती दिवस काम झाले, किती दिवसांचे पैसे आले आणि किती येणे आहे, एवढे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून आणा. गिरणीच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाची संघटना त्याची गणती करण्यापासूनच सुरू झाली होती.