खटका का पडतो?



पाऊस लागला की आपल्याकडे एक तक्रार हमखास ऐकू येते. "गुरुजी, घरातला खटका सारखा पडतोय. वर केला की पुन्हा खाली." भीमाशंकर, आहुप्याकडे पाऊस फार, तिथल्या भिंती चार महिने ओल्या असतात. पण नारायणगाव, मंचरच्या बागायती गावांतही हीच रड आहे. मग कोणी शहाणा येतो अन् म्हणतो, "काढून टाका की तो! लाईन डायरेक्ट करा." लोक तसे करतातही. म्हणून आज बोलायला उभा राहिलो आहे.

आधी खटका ओळखू. मीटरजवळच्या पेटीत अरुंद खटके असतात, त्या एमसीबी. भार जास्त झाला किंवा दोन तारा चिकटल्या की त्या पडतात. पूर्वी हे काम फ्यूजची तार करी. दुसरा खटका रुंद असतो. त्याच्या अंगावर एक बारीक कळ असते आणि तिथे इंग्रजी 'टी' अक्षर असते. तो ईएलसीबी किंवा आरसीसीबी. तो विजेची गळती पकडतो.

कशी पकडतो? गुराखी सकाळी गुरे मोजून नेतो, संध्याकाळी मोजून आणतो. एक कमी भरले की ओरडतो. हा खटकाही मोजतो. एका तारेने जितकी वीज गेली, तितकीच दुसरीने परत यायला हवी. कमी आली, तर ती ओल्या भिंतीतून जमिनीत गेली, नाहीतर माणसाच्या अंगातून गेली. घरचा खटका बहुधा ३० मिलिअ‍ॅम्पियरचा असतो. सात वॅटचा दिवा साधारण तेवढीच वीज घेतो. पण एवढीशी वीज अंगातून वाहत राहिली तर हात सुटत नाही, श्वास कोंडतो. खटका पापणी लवते तोवर ती तोडतो.

आता शोध कसा घ्यायचा ते ऐका. हात कोरडे असावेत. पायांत रबरी चप्पल, खाली कोरडी फळी. पेटीच भिजली असेल किंवा जळका वास येत असेल, तर हात लावू नका, वायरमनला बोलवा.

घरातल्या सगळ्या वस्तूंचे प्लग उपटून काढा. भिंतीवरचे बटण नुसते बंद करून भागत नाही. ते बटण एकच तार तोडते. दुसरी जोडलेली राहते, आणि गळती तिच्यातूनही होते. जाणते लोकही हे विसरतात. मग सर्व एमसीबी खाली करा. मोठा खटका पुरता खाली ओढून वर करा. राहिला वर? आता एकेक एमसीबी वर करा. जिच्यापाशी पडेल, तिच्या तारेत किंवा तिच्यावरच्या दिव्यापंख्यात दोष आहे. सगळ्या वर राहिल्या, तर एकेक वस्तू लावून पाहा. जिने खटका पडेल ती बाजूला ठेवा, दुरुस्त होईपर्यंत वापरू नका. अन् सारे बंद असतानाही खटका राहत नसेल, तर दोष न्यूट्रल तारेत आहे किंवा खटक्यातच. ते काम वायरमनचे. शेजाऱ्याची न्यूट्रल आपल्याला जोडलेली असली तरी असे होते. मोजणीच जुळत नाही!

बहुतेक वेळा दोष पाणी तापवायच्या रॉडमध्ये, गिझरमध्ये किंवा गोठ्यातल्या कडबाकुट्टीत निघतो. कधी उंदरांनी तार कुरतडलेली असते. आणि बिबट्याच्या धाकाने आपण घराबाहेर रात्रभर दिवा ठेवतो. ठेवावाच. पण उघड्या होल्डरात पाणी शिरते, तारेचा जोड पिशवीने बांधलेला असतो. त्याला झाकणाचा, पाणी न शिरणारा दिवा घ्या.

आता अर्थिंग. ते नीट असेल, तर कडबाकुट्टीच्या पत्र्यावर उतरलेली वीज तिथल्या तिथे जमिनीत जाते आणि खटका कोणाचा हात लागण्याआधी पडतो. अर्थिंग नसेल, तर वीज पत्र्यावर दबा धरून बसते. पहिला हात लागतो तेव्हा कुठे खटका पडतो. तो हात पोराचाही असू शकतो. आणि खटकाही काढून टाकला असेल, तर मग तोडणारे कोणीच नाही. गुरे तर माणसापेक्षा कमी विजेनेही दगावतात. म्हणून तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कधी तोडू नका, आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला.

मीटरपासून घरात येणारे काम वायरमनकडून करून घ्या. मीटरच्या बाहेरचे, खांबावरचे काम महावितरणचे. त्यांचा तक्रारीचा क्रमांक १९१२, तो पाटीवर लिहून घ्या.

महिन्यातून एकदा टीची कळ दाबायची. दाबताच खटका पडला पाहिजे. न पडला तर तो बदलायचा. घरी जाल तेव्हा पेटी पाहा. टी दिसते का, आणि ३० हा आकडा इंग्रजीत कुठे लिहिला आहे, ते उद्या वर्गात प्रत्येकाने सांगायचे. काहींवर तो ०.०३ असाही लिहितात.