शाळेच्या परसातील भाजी
(धर्मग्रामाच्या महोत्सवी वर्षी प्राथमिक शाळेच्या पालकसभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या वर्षी भाषण करावयाचे म्हणजे मागील पिढ्यांचे गुणगान करावे, असा प्रघात आहे. ते काम आमच्याहून अधिक योग्य मंडळी याच व्यासपीठावरून करणार आहेत. आम्ही आज एक लहानसाच विषय घेतला आहे. शाळेच्या मागील भिंतीपासून विहिरीपर्यंत जी सुमारे एक गुंठा जमीन आहे व जीत गेली दोन वर्षे आमची मुले भाजी पिकवीत आहेत, तिचे पुढे काय करावयाचे, हा तो विषय होय. तेथे फरशी बसवून वाहने उभी करण्याची सोय करावी, अशी काही मंडळींची सूचना आहे. सूचना वाईट हेतूने आलेली नाही. रविवारी सकाळी रस्त्यावर होणारी कोंडी आम्हीही पाहतो. तथापि निर्णय घेण्यापूर्वी त्या गुंठ्यात काय चालते, ते एकवार ऐकून घ्यावे, इतकीच विनंती आहे.

दुसराही एक आक्षेप आमच्या कानी आला आहे, व तो आम्हांस पहिल्याहून वजनदार वाटतो. एक माता आम्हांस म्हणाली, "फादर, आमचे सासरे जन्मभर वाडीत राबले, पहाटेच्या गाडीने भाजीच्या टोपल्या मुंबईला नेल्या, ते मुलांनी शिकावे म्हणून. आता आमच्या पोराच्या हाती शाळेतच पुन्हा खुरपे का देता?" या बोलण्याचा आम्ही अनादर करीत नाही. वसईच्या वाडीत ज्यांनी रहाट हाकला आहे, त्यांस मातीचे कौतुक ऐकविणे सोपे नाही. शिवाय शाळेच्या बागेचा इतिहास सर्वत्र निर्मळ आहे असेही नाही. आम्ही स्वतः लहानपणी ज्या एका शाळेत होतो, तेथे बागेतील वांगी मुख्याध्यापकांच्या स्वयंपाकघरात जात, आणि ज्याचा पाढा चुके त्याने विहिरीचे पाणी ओढावे, असा दंडक होता. म्हणून आमच्या बागेत दोन नियम आरंभापासून आहेत. बागेचे काम कोणासही शिक्षा म्हणून द्यावयाचे नाही. आणि तेथील एक मिरचीसुद्धा पाद्रीबंगल्यात किंवा शिक्षकांच्या घरी जावयाची नाही. दुसरा नियम आमच्या स्वयंपाक्यास फारसा रुचलेला नाही, हे येथे सांगावयास हरकत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आमच्याकडे पावसाळ्यात सपाट वाफा कुचकामाचा. त्यात पाणी तुंबते व मुळे कुजतात. म्हणून जूनमध्ये गादीवाफे करितात, पाऊस सरला की सपाट वाफे. वाफ्याची रुंदी किती असावी, हे मुलांनीच ठरविले. दुसरीतील मुलाने काठावर बसून हात लांब केला असता तो जेथवर पोहोचतो, त्याच्या दुप्पट. म्हणजे सुमारे तीन फूट. दोन्ही बाजूंनी हात पोहोचला म्हणजे वाफ्यावर पाय देण्याची गरज पडत नाही व माती भुसभुशीत राहते. ज्याने एकदा असा वाफा मोजला, त्यास लांबी-रुंदी फळ्यावर शिकविताना फार श्रम पडत नाहीत. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, म्हणजेच १,०८९ चौरस फूट, हे चौथीतील मुले दोरी घेऊन स्वतः मोजून सांगतात.

पेरणीचा मेळ शाळेच्या सुट्ट्यांशी घालावा लागतो; आमच्या मते यातच अनेक शाळांच्या बागा फसतात. जूनच्या मध्यास शाळा उघडते. त्याच आठवड्यात भेंडी टोकली, तर ऑगस्टच्या आरंभी तोडणी सुरू होते व दिवाळीच्या सुट्टीपूर्वी तिचे काम संपते. कारली, शिराळी व पडवळ मांडवावर चढवावयाची असतात, तीही याच वेळी. दिवाळीनंतर पालेभाज्या येतात: माठ व मेथी सुमारे चार आठवड्यांत, पालक त्याहून थोडा उशिरा, मुळा सहा आठवड्यांच्या आसपास. नाताळच्या सुट्टीपूर्वी मेथी उपटून होते, व पालकाची एक कापणी पदरात पडते. वांग्यास मात्र धीर हवा. रोप करण्यास महिना-सव्वा महिना, आणि लावणीनंतर फळास आणखी दोन-सव्वादोन महिने. उतावळ्या मुलास वांग्याचा वाफा द्यावा, असे आमच्या एका शिक्षिकेचे मत आहे. आम्ही त्यास अद्याप संमती दिलेली नाही.

कारल्याच्या वेलाखाली गेल्या वर्षी मोठा शोक झाला. पिवळी फुले आली, आणि एकेक करून सर्व गळून पडली. मुलांनी ठरविले की वेल मेला. वस्तुतः कारल्यास प्रथम नरफुले येतात, मादीफुले मागाहून. मादीफुलाच्या देठाशी इवलेसे खडबडीत कारले आधीपासूनच असते. आठ दिवसांनी तसले एक फूल तिसरीतील एका मुलीने शोधून काढले, तेव्हा सबंध वर्ग वर्गाबाहेर धावला. नर व मादी फुले, मधमाशी, फलधारणा, हे सर्व पुस्तकात चित्रासह छापलेले आहेच. परंतु आठ दिवस काळजीत घालविल्यावर जे कळते, ते पुसले जात नाही. पडवळाचे फूल संध्याकाळी उमलते, त्याच्या पांढऱ्या झालरी पाहावयास मुले आईबापांस घेऊन आली. फळ वाकडे होऊ नये म्हणून त्याच्या टोकास खडा बांधण्याची आजोबांची युक्ती मुलांनी घरून आणली. ती कोणत्याही क्रमिक पुस्तकात आम्हांस आढळली नाही.

दुखणीही आली. भेंडीची पाने शिरांपासून पिवळी पडू लागली. हा केवडा रोग. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो व रोगी झाडास औषध नाही. झाड उपटूनच टाकावे लागते. आपल्या हाताने लाविलेले झाड शेजारच्या झाडांसाठी उपटणे मुलांस जड गेले. वांग्याच्या शेंड्यात अळी शिरली, तेव्हा सुकलेले शेंडे खुडून नष्ट केले. माव्यावर निंबोळीचा अर्क फवारला. बाजारातील विषारी औषधे मुलांच्या बागेत आणावयाची नाहीत, याविषयी आम्ही हट्टी आहोत.

काढणी ही सर्वांत आनंदाची, आणि सर्वांत शिस्तीची गोष्ट. भेंडीचे फूल एक दिवस टिकते, व त्यानंतर पाच-सहा दिवसांत शेंग कोवळी असतानाच घ्यावी लागते. दोन दिवस चुकले की ती जून होते, मग सुरीलाही दाद देत नाही. शनिवार-रविवार शाळा बंद. म्हणून रविवारी मिस्सेनंतर दोन मुले टोपली घेऊन मागे जातात. पालक मुळासकट उपटू नये, बोटभर बुंधा ठेवून कापावा, म्हणजे तो पुन्हा फुटतो. मेथी मात्र उपटूनच काढतात. वांगे देठासह कापावे, ओढून घेतल्यास फांदी फाटते. हे सर्व सकाळी, ऊन चढण्यापूर्वी. त्यानंतर तराजू येतो, आणि वहीत तारीख, भाजी व वजन लिहिले जाते.

या वहीवरून एक गैरसमज दूर करावयाचा आहे. बागेमुळे शाळेच्या मध्यान्ह भोजनाची भाजी फुकट होईल, असे काहींस वाटते. हिशेब करून पाहा. शासकीय प्रमाणानुसार प्राथमिक वर्गातील मुलास दररोज ५० ग्रॅम भाजी द्यावयाची असते. शंभर मुलांस ५ किलो. शाळेचे २०० दिवस धरल्यास १,००० किलो. भेंडी चांगली पिकली तर हेक्टरी दहा टनांच्या आसपास येते. हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे, तेव्हा एका गुंठ्यास सुमारे १०० किलो. म्हणजे शंभर मुलांची वीस दिवसांची भाजी! उरलेली बाजारातूनच आणावी लागते. बाग काटकसरीचे साधन आहे असे म्हणून आम्ही तिची बाजू मांडणार नाही. केंद्र शासनानेही २०१९ साली शाळांतील पोषणबागांविषयी सूचना काढल्या, तथापि सूचनांनी गुंठा वाढत नाही. वाढते ते निराळेच. जी मुले खिचडीतील माठ वेचून ताटाच्या कडेस लावीत, ती आपण पेरलेल्या माठाची चव पाहू लागली. सर्वच नव्हे, कारल्यास अद्याप मित्र थोडे आहेत.

ही कल्पना आमची नव्हे. फ्रोबेलने १८४० मध्ये जर्मनीत बालोद्यान स्थापिले, तेव्हा प्रत्येक बालकास स्वतःचा एक तुकडा व सर्वांचा मिळून एक सामायिक भाग, अशी बागेची रचना सांगितली. आम्हीही तसेच केले आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगांच्या यादीत फळबाग व भाजीपाला यांस स्थान दिले. आणि ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठातील धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल यांस आम्ही कसे विसरू? शिक्षकाच्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले होते. १८५६ ते १८६३ पर्यंत मठाच्या बागेत त्यांनी वाटाणे लाविले, मोजले, नोंदले, आणि आनुवंशिकतेचे नियम १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. जगास त्यांची थोरवी कळावयास १९०० साल उजाडले. ती बाग ३५ मीटर लांब व ७ मीटर रुंद होती. आपल्या मापाने अडीच गुंठ्यांहूनही किंचित कमी.

आता पाणी. टँकरवाल्यांच्या उपशाने आपल्या भागातील कित्येक विहिरी मचूळ झाल्या, बावखले बुजली, हे वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. शाळेची विहीर एप्रिलपर्यंत गोड राहते. मे महिन्यात तीही खारट लागते. त्या पाण्यावर फरसबी तग धरीत नाही, पालक धरतो. हा भेद मुलांनी दोन वाफे शेजारी लावून पाहिला आहे. त्या जागी फरशी बसली, तर विहिरीजवळ पावसाचे जे थोडे पाणी जिरते तेही रस्त्यावर वाहून जाईल. वाहनांकरिता सभागृहाच्या पश्चिमेची जागा आम्ही सुचवितो; तेथे आधीच खडी आहे, व चालण्याचे अंतर तीन मिनिटांचे आहे.

समितीची बैठक पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आहे. विरोधी मत असणाऱ्यांनी अवश्य यावे, व वर उल्लेखिलेल्या मातेनेही यावे. निर्णय बागेच्या बाजूने झाल्यास मे महिन्यात माती खणून उन्हात तापवावयाची आहे. त्याकरिता एक गाडी कुजलेले शेणखत, मांडवासाठी बांबू आणि चार लहान खुरपी हवीत. ज्यांच्या घरी जुन्या गावठी पडवळाचे अथवा वालाचे बी डब्यात राखेत ठेवलेले असेल, त्यांनी मूठभर शाळेच्या कचेरीत आणून द्यावे, व पुडीवर ते बी कोणाच्या वाडीतील आहे एवढे लिहावे.