हौशी सारथी



वसंत व्याख्यानमालेत मोटारींच्या शर्यतीवर व्याख्यान, हे वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. आमच्याही पडल्या असत्या. हा श्रीमंतांचा पोरखेळ. त्यात पेट्रोल जळते आणि माणसेही मरतात, असेच आमचे बरीच वर्षे मत होते. ते सर्वस्वी चुकीचे होते असे आम्ही आजही म्हणणार नाही. पण एका माणसाची हकीगत वाचनात आली आणि हा विषय केवळ मोटारींचा नव्हे, हे ध्यानात आले. हौशी कोण आणि व्यावसायिक कोण, हा तो विषय.

'हौशी' हा शब्द आपल्याला परका नाही. राज्य नाट्यस्पर्धा गाजवल्या त्या हौशी मंडळींनीच. डॉ. श्रीराम लागू १९६९ साली वैद्यकी सोडून पूर्ण वेळ नट झाले, तेव्हा त्यांनी केवढी उडी घेतली हे आपण जाणतो. योगायोग असा की, त्याच १९६९ साली अमेरिकेतला एक नामांकित नट उलट्या वाटेला लागत होता.

त्याचे नाव पॉल न्यूमन. जन्म १९२५ चा. 'विनिंग' या चित्रपटात त्याला शर्यतीतल्या चालकाची भूमिका मिळाली. भूमिकेसाठी म्हणून तो बॉब बाँडुरांटच्या हाताखाली मोटार हाकायला शिकला. चित्रपट १९६९ साली पडद्यावर आला. शिकणे मात्र संपले नाही. १९७२ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो कनेटिकटमधील थॉम्प्सनच्या मैदानात उतरला. यादीत नाव घातले 'पी. एल. न्यूमन'. ज्या नावाला जग ओळखत होते, ते त्याने पदरात झाकून ठेवले. आम्हांला यातच अर्धा माणूस कळला. चार वर्षांनी, १९७६ साली, ट्रायम्फ मोटार घेऊन त्याने हौशी चालकांचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले.

येथवर गोष्ट हौसेची. खरी परीक्षा पुढे होती.

फ्रान्समधील ल माँ येथे १९२३ पासून चोवीस तासांची शर्यत होते. तेरा किलोमीटरांहून लांब फेरी. दिवस, रात्र, ऊन, पाऊस, काही असो, गाडी पळती ठेवायची. एका गाडीवर आळीपाळीने बसणारे दोघे-तिघे चालक. १९७९ साली न्यूमन येथे पोर्शे ९३५ घेऊन आला, तेव्हा त्याचे वय होते चौपन्न. जोडीला गाडीचा मालक डिक बार्बर आणि जर्मनीचा मुरलेला व्यावसायिक चालक रोल्फ श्टोमेलेन.

या गाडीची एक खोड सांगण्याजोगी आहे. तिच्या इंजिनाला टर्बो होता. पायाने दाबले की शक्ती लगेच येत नसे. क्षणभर काहीच नाही, आणि मग एकदम सगळी! म्हणजे वळण संपण्यापूर्वीच, पुढचे ओळखून पाय दाबायचा. चुकीच्या क्षणी ती शक्ती आली तर गाडी गरकन फिरायची. शिवाय या रस्त्यावर वेगवान आणि मंद अशा अनेक वर्गांच्या गाड्या एकाच वेळी पळतात. मागून वेगाने येणाऱ्याला वाट देताना नवखा माणूस घाबरून बाजूला होतो, आणि तेथेच घात होतो. जाणता आपली रेघ सोडत नाही. कारण मागचा त्या रेघेवर विसंबून असतो. येथे शौर्यापेक्षा विश्वासाला किंमत अधिक.

त्या वर्षी पावसाने झोडपले. चाक बदलताना नट अडकून बसला आणि मोलाचा वेळ गेला. नटाला आडवा आला तो नटच! इतके होऊनही ते दुसरे आले.

या यशामागे पैसा नव्हता काय? होताच. पैशावाचून या खेळाचे दारदेखील उघडत नाही, आणि हा आक्षेप आम्ही मागे घेत नाही. दुसरा आक्षेप तर त्याहून जड आहे. याच ल माँला १९५५ साली एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. न्यूमनचा सोबती श्टोमेलेन १९८३ साली रिव्हरसाइड येथे गेला. तीही पोर्शे ९३५ होती, तिचा मागचा पंख तुटला होता. ज्याच्या हातात कसब होते त्याचीही ही गत. तेव्हा नवख्याने केवळ हौस म्हणून या रस्त्यावर यावे काय, हा प्रश्न उरतोच.

आमचे उत्तर असे. हौसेला मोल नाही म्हणतात. पण ते मोल जोवर आपल्या एकट्याच्या खिशातून जाते, तोवरच ते म्हणणे खरे. दुसऱ्याचा जीव आपल्या हातावर विसंबला की हौशी माणसाला चुकण्याची मुभा राहत नाही. ही मुभा जो आपण होऊन सोडतो, तो व्यावसायिक. मग त्याचे पोट चित्रपटावर का भरेना! न्यूमनने ती सोडली. १९८२ साली ब्रेनर्ड येथे त्याने ट्रान्स-ॲम या व्यावसायिक मालिकेतली शर्यत जिंकली. १९९५ साली सत्तरी गाठल्यावर डेटोनाच्या चोवीस तासांत त्याच्या चमूने आपल्या वर्गात पहिला क्रमांक मिळवला. २००८ साली तो वारला.

आज या खेळाने हौशी माणसाला नियमातच जागा दिली आहे. चालकांच्या चार प्रती ठरल्या आहेत: प्लॅटिनम, सोने, चांदी आणि कांसे. जागतिक मालिकेतील जीटी-३ वर्गात २०२४ पासून प्रत्येक गाडीवर एक कांस्य चालक असावाच लागतो. दार उघडे आहे. आत गेल्यावर आपली रेघ सांभाळायची की नाही, हे मात्र कोणताही नियम शिकवीत नाही.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणी संध्याकाळी तबला वाजवीत असेल, कोणी सुटीच्या दिवशी मुलांना फुकट शिकवीत असेल. आपण हौशी की व्यावसायिक, हे मिळकतीवरून ठरवू नका. आपल्या चुकीची झळ कोणाला बसते, एवढे स्वतःला विचारा. आणि उत्तर आले की त्या माणसासाठी तयारी करा.