नमुना आपल्याच हातानं



 रोग्यांना औषधोपचार, हे गाडगेबाबांच्या दशसूत्रीतलं एक सूत्र. पण औषध मिळायला आधी दुखणं सांगावं लागतं, आणि गर्भपिशवीच्या तोंडाचं दुखणं बाई सहसा सांगत नाही. अंगावरून पांढरं जातं, संबंधानंतर रक्त दिसतं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा डाग पडतो. कापूस वेचणी उरकली की पाहू, असं म्हणत वर्ष निघून जातं.

गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. संसर्गापासून कर्करोगापर्यंत बहुधा १५ ते २० वर्षं जातात. तेवढ्या काळात तो अडवता येतो. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयानं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास केला. निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही तपासणी दिली, त्यात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले.

तिथं या तपासणीचा नमुना आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतला होता. आता तो बाईला स्वतःही घेता येतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेला ही पद्धत मान्य आहे. मऊ ब्रश योनिमार्गात सरकवायचा, काही वेळा फिरवायचा, नळीत ठेवून द्यायचा. टेबलावर झोपायचं नाही, कोणासमोर कपडे काढायचे नाहीत. आशाताईनं नीट समजावलं तर घरच्या न्हाणीतही काही मिनिटांत होतं.

अहवालात विषाणू आढळला म्हणजे कर्करोग झाला असं नाही. बहुतेक संसर्ग आपोआप जातात. मात्र पुढच्या तपासणीला गेलंच पाहिजे. नाही गेलं, तर नमुना दिल्याचा उपयोग शून्य. कर्करोगाआधीचा बदल सापडला तर बहुतेकदा थोडक्या उपचारात भागतं, पिशवी काढावी लागत नाही.

ब्रशची सोय आपल्या गावात झाली नसेल, तर थांबू नका. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर ५ वर्षांनी तपासणी आहे. आरोग्य केंद्रात विचारा. आणि रक्त जात असेल, तर नमुन्याची वाट न पाहता थेट डॉक्टरांना दाखवा. सासूबाईंनो, सुनेला पाठवा, आणि तिच्यासोबत तुम्हीही जा.