माथेरान कोणी शोधलं?



पुस्तकात छापलंय, माथेरान १८५० साली मॅलेट नावाच्या ठाण्याच्या कलेक्टरने शोधलं. मे महिन्यात तो चौक गावाकडून डोंगर चढला. अहो, त्या डोंगरात ठाकूर, कातकरी, धनगर आधीपासून होतेच की! मग शोधलं कसलं? पुढे साहेबांचे बंगले झाले, पॉइंटांना त्यांची नावं पडली, १९०७ला नेरळहून गाडी आली. आपलं नाव कुठल्याच कागदावर चढलं नाही.

२००६चा वनहक्क कायदा आदिवासींना विचारतो, १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जमीन कसत होता का? सातबारा नाही म्हणून घाबरू नका. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब चालतो. जुनी विहीर, मसणवट, देवाची जागा, तेही चालतं. पण दाव्याला एकाहून जास्त पुरावे लागतात. तेव्हा वही घेऊन वाडीतल्या आज्यांकडे या आठवड्यातच बसा.