धाकट्या भावाला कोणतं पुस्तक देऊ?

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे होतोय. पाठवणारा श्रोता पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्याचा धाकटा भाऊ गावाकडे अकरावीत. तो म्हणतो, "दादा, भावाचं बहुतेक ब्रेकअप झालंय. घरी कुणाला सांगत नाही, मला पण नाही. जेवतो आणि खोलीत जाऊन बसतो. तू पुस्तकांबद्दल एवढं बोलतोस, तर असं एखादं सांग ना, की जे वाचून तो नीट होईल."

"नीट होईल" ह्या दोन शब्दांपाशी मी थांबलो. कारण दोन वर्षांपूर्वी मी पण असंच पुस्तक शोधत होतो आणि चांगली माती खाल्ली होती.

झालं असं, की माझी मामेबहीण तेव्हा नववीत होती. (तिला विचारूनच सांगतोय. "नाव तेवढं घेऊ नको" म्हणाली.) पाचवीपासूनचा पाचजणींचा ग्रुप. डबा एकत्र, क्लास एकत्र. एक दिवस व्हॉट्सॲपवरचा त्यांचा ग्रुप एकदम शांत झाला. हिला वाटलं परीक्षा आहे म्हणून असेल. मग एकीच्या वाढदिवसाचं स्टेटस दिसलं. हॉटेल, केक, आणि फोटोत चौघी. चौघींचा नवा ग्रुप कधीच सुरू झाला होता. भांडण नाही, शिवीगाळ नाही, काहीच नाही. फक्त ही त्यात नाही.

मामीचा फोन आला. "तू ती पुस्तकं-बिस्तकं वाचतोस ना, बघ की रे हिला काहीतरी दे. नुसती पडून असते." मी लगेच आत्मविश्वास वाढवण्याचं एक जाडजूड पुस्तक घेतलं, पहिल्या पानावर "खचू नकोस" असं लिहून सही ठोकली आणि नेऊन दिलं. चार दिवसांनी तिने ते परत माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, "दादा, म्हणजे बिघाड माझ्यातच आहे ना? सुधारायचं मीच?"

मला काही बोलताच येईना. खरंच होतं ते. पुस्तक औषध म्हणून दिलं की पेशंट कोण हे पण आपण सांगून टाकतो.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा बॅगेत माझं स्वतःचं, कडा दुमडलेलं 'वनवास' होतं. प्रकाश नारायण संतांचं, १९९४ साली आलेलं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी २०२४ मध्ये आलेली 'लंपन' ही वेबसिरीज बघितली असेल, त्याच लंपनची ही पुस्तकं. वनवास, शारदा संगीत, पंखा, झुंबर अशी चार आहेत. लंपन आईवडिलांपासून लांब, दुसऱ्या गावात आजी-आजोबांकडे राहतो. तिथे कुणी त्याला छळत नाही, उलट सगळे जीव लावतात. तरी त्याच्या पोटात मधूनच काहीतरी हलतं आणि ते त्याला कुणाला सांगता येत नाही. ह्यात मैत्रिणींचा ग्रुप नाही, मोबाईल नाही, मुलगा तर हिच्यापेक्षा लहान. विषय अजिबात जुळत नव्हता. मी फक्त "हे माझं आवडतं आहे, वाचून परत दे" एवढंच म्हणालो.

दोन आठवड्यांनी रात्री अकराला मेसेज आला, "ह्याला पण कोणी सांगत नाही का ते." बस, एवढंच. मी पण "हो ना" एवढंच उत्तर दिलं. त्यानंतर आम्ही पाऊण तास चॅट केलं. तेव्हा पहिल्यांदा तिने तो केकचा फोटो मला पाठवला.

त्या चौघी परत आल्या का? नाही आल्या. दहावीचं अख्खं वर्ष तिने दुसऱ्या बाकावर काढलं. पुस्तकाने काही नीट केलं नाही. पण ती बोलायला लागली.

तेव्हापासून पुस्तक निवडताना मी आधी शेवटची पाच पानं वाचतो. पाप आहे, माहितीये. पण शेवटी सगळे गळ्यात पडलेत, वाईट मुलगी सॉरी म्हणतेय आणि आपली नायिका वक्तृत्व स्पर्धेत पहिली आलीय, असं दिसलं की मी ते परत रॅकवर ठेवतो. पंधरा वर्षांच्या पोरांना असल्या गोष्टीतला उपदेश लांबूनच कळतो. दुसरं बघतो ते पुस्तकातली मोठी माणसं. ती कधी चुकतात का? कधी गोंधळतात का? प्रत्येक पानावर शहाणीच असतील, तर ते पुस्तक मुलांसाठी नाही, पालकांसाठी लिहिलंय.

आता थोडं वादग्रस्त बोलतो. 'श्यामची आई' माझं लाडकं पुस्तक आहे. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि आईच्या आठवणीने कासावीस झालेल्या माणसाचं ते पुस्तक आहे. पण घरात रोज आईशी खटके उडत असताना, त्याच आईने ते मुलीच्या हातात दिलं, तर मुलगी काय समजेल? बघ, असं वागायचं असतं. पुस्तक चांगलंच आहे हो, वेळ चुकते.

अशा मुलीला मी ॲन फ्रँकची डायरी देईन. मराठीत अनुवाद आहे. आपल्याकडे ती महायुद्धाचा इतिहास म्हणून देतात. तो तर आहेच. नाझींपासून लपून आठ माणसं दोन वर्षांहून जास्त काळ एका इमारतीच्या मागच्या भागात राहिली. पण तिथे एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी आईवर प्रचंड चिडलेली पण आहे. आई मला समजून घेत नाही, बाबा आवडतात, पीटर आवडतो की नाही कळत नाही, असं सगळं त्यात आहे. गंमत म्हणजे १९४७ साली डायरी पहिल्यांदा छापली तेव्हा तिच्या वडिलांनी आईबद्दलचा आणि शरीराबद्दलचा काही मजकूर गाळला होता. प्रेमापोटीच गाळला असणार, त्या माणसाचं अख्खं कुटुंब गेलं होतं. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये तो मजकूर परत आला. तेव्हा विकत घेताना संपूर्ण आवृत्ती बघून घ्या. नेमकी तीच पानं त्या वयात लागतात.

आणि होस्टेलवर राहणारी, आपलं घर, आपली वस्ती, कधीकधी आडनावसुद्धा लपवणारी पोरं मी बघितलीत. त्यांच्यासाठी दया पवारांचं 'बलुतं', १९७८ चं. सतरा-अठराच्या पुढे द्या, कारण ते कडक आहे. त्यात दगडू मारुती पवार हा दया पवारांना आपली गोष्ट सांगतो. म्हणजे एकच माणूस, गावातला आणि शिकून पुढे गेलेला, समोरासमोर बसलाय. दोघांचं एकमेकांशी पटतंच असं नाही. ज्याला घरी एक आणि कॉलेजात एक असं जगावं लागतं, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. भाऊ किंवा बहीण जेवत नसेल, झोपत नसेल, मरण्याचं बोलत असेल, गंमतीत का होईना, तर पुस्तक शोधत बसू नका. घरातल्या मोठ्यांना सांगा, डॉक्टरकडे न्या. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. अठराच्या आतल्यांसाठी १०९८ पण आहे. दोन्ही नंबर आत्ताच सेव्ह करा, मी थांबतो.

केले? बरं.

तर त्या पुण्याच्या मित्रा, तुझा भाऊ जेवतोय म्हणालास, हे बरंय. तरी ह्या शनिवारी घरी जा. जाताना मिलिंद बोकीलांची 'शाळा' घेऊन जा. नववीतला मुकुंद जोशी, त्याला आवडणारी शिरोडकर, मित्रांची टोळी आणि बाहेर आणीबाणी. त्यावरचा सिनेमा पण आहे, पण आधी कादंबरी. शेवट काय होतो ते सांगत नाही, इतकंच सांगतो की कुणी मुकुंदाच्या पाठीवर हात ठेवून "होईल सगळं नीट" असं म्हणत नाही. म्हणूनच ती दे.

पण "तुझ्यासाठी आणलंय" असं म्हणू नकोस. ब्रेकअपचं तर नावच काढू नकोस. एसटीत स्वतः अर्धी वाच, घरी गेल्यावर दोघं झोपता त्या खोलीत उशाशी ठेव आणि रविवारी निघताना मुद्दाम विसरून ये. त्याने नाही वाचली तर नाही वाचली. फोनवर "कुठपर्यंत आलास?" असं विचारायचं नाही, ही अट आहे.

काय झालं ते सवडीने कळव. आणि बाकीच्यांनी ह्या आठवड्यात एवढंच सांगा, तुम्ही पंधरा वर्षांचे असताना घरच्यांपासून लपवून कोणतं पुस्तक वाचलं होतंत? व्हॉइस मेसेज एक मिनिटाच्या आत ठेवा, मागच्या वेळी एकाने अकरा मिनिटांचा पाठवला होता! भेटू पुढच्या गुरुवारी.