सत्ता गेली, बोल राहिले



लंडनच्या संसदेत राजाची संमती समारंभपूर्वक जाहीर होते तेव्हा लॉर्ड्सच्या सभागृहातला अधिकारी इंग्रजी बोलत नाही. ‘राजाची तशी इच्छा आहे’ अशा अर्थाचे चार जुने फ्रेंच शब्द तो उच्चारतो आणि विधेयकाचा कायदा होतो. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, त्याच्या दरबाराची ही भाषा. लोकांना फ्रेंच कळत नाही, तेव्हा न्यायालयात वाद इंग्रजीतून चालावेत, असा कायदा 1362 मध्ये झाला. पण तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता! वकिलांच्या टिपणांतून फ्रेंच पुरती जायला 1733 साल उजाडलं.

शब्द सत्तेबरोबर येतात, हे आपण सगळे जाणतो. माझा प्रश्न पुढचा आहे. सत्ता गेल्यावर ते का राहतात? आणि सगळेच का राहत नाहीत?

याचं उत्तर शोधायला जर्मनीइतकी चांगली जागा नाही. 1685 मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने तिथल्या प्रोटेस्टंटांचं, म्हणजे ह्यूगनोंचं, धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं. ब्रांडेनबुर्गच्या शासकाने त्याच वर्षी त्यांना आपली दारं उघडली आणि सुमारे वीस हजार ह्यूगनो तिकडे गेले. हे राज्यकर्ते नव्हते. विणकर होते, कारागीर होते, माळी होते. बर्लिनमध्ये खिम्याच्या तळलेल्या गोळ्यांना आजही ‘बुलेट्ट’ म्हणतात, ते फ्रेंच ‘बुलेत’वरून. पुढे फ्रेडरिक द ग्रेट प्रशियाच्या गादीवर आला. तो लिहायचा फ्रेंचमध्ये, व्हॉल्टेअरला त्याने पॉट्सडॅमला बोलावून घेतलं, आणि त्याच्या राजवाड्याचं ‘सां सूसी’ म्हणजे ‘निश्चिंत’ हे नावही फ्रेंचच. फ्रेंच ही युरोपची सार्वत्रिक भाषा कशामुळे झाली, या विषयावर निबंधस्पर्धा घेतली ती पॅरिसने नाही, बर्लिनच्या अकादमीने. 1784 मध्ये रिव्हारोल या फ्रेंच लेखकाला तिचं बक्षीस विभागून मिळालं.

याच फ्रेडरिकने 1740 मध्ये एक पदक सुरू केलं. नाव ‘पूर ल मेरीत’, म्हणजे ‘गुणवत्तेसाठी’. आता 1917 कडे या. पहिलं महायुद्ध पेटलेलं आहे, जर्मन सैन्य फ्रान्सच्या भूमीवर लढतं आहे, आणि वैमानिक रिश्टहोफेनच्या गळ्यात प्रशियाचं सर्वोच्च लष्करी पदक चढतं. त्यावर कोरलेले शब्द शत्रूच्या भाषेतले आहेत. ते कोणी बदलले नाहीत, कारण पावणेदोनशे वर्षांत ते शब्द फ्रान्सचे उरलेच नव्हते. ते प्रशियाचे झाले होते.

हीच जर्मनी शब्दांच्या बाबतीत एरवी बेफिकीर नव्हती, हे लक्षात घ्या. 1870 च्या दशकात टपालखात्याचे प्रमुख हाइनरिश फॉन श्टेफान यांनी खात्यातले शेकडो परके शब्द काढून जर्मन शब्द आणले. पाकीट, रजिस्टर पत्र, टपालकचेरीत ठेवायचं पत्र, सगळ्यांना नवी नावं मिळाली. रेल्वेनेही तेच केलं आणि फलाटाचा ‘पेरों’ जाऊन ‘बानश्टाइग’ आला. आज जर्मनीत ‘पेरों’ फारसा ऐकू येत नाही. सीमा ओलांडून झुरिकला गेलात तर तिथे जर्मन बोलणारी माणसंही ‘पेरों’च म्हणतात. भाषा एक, फक्त तिथे तो हुकूम पोचला नव्हता.

आणि आता या कथेतला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा भाग. 1874 मध्ये बर्न इथे जागतिक टपाल संघटना उभी राहिली ती मुख्यतः याच श्टेफान यांच्या पुढाकाराने, आणि तिची अधिकृत भाषा ठरली फ्रेंच. घरात ज्यांनी फ्रेंच शब्दांना बाहेर काढलं, त्यांनीच जगाच्या चौकात तिला मान्यता दिली. मला यात विसंगती दिसत नाही. देशांतर्गत कारभार आपल्या लोकांना कळेल अशा भाषेत हवा, आणि परस्परांशी व्यवहाराला सगळ्यांना मान्य असलेलं एक माध्यम हवं; या दोन वेगळ्या गरजा त्यांनी नीट ओळखल्या होत्या. परदेशी गेलेल्या मुलांना ज्यांनी निळ्या आंतरराष्ट्रीय पत्रांवर लिहिलं आहे, त्यांनी त्यावर ‘पार आव्हियों’, म्हणजे ‘विमानाने’, हे छापलेलं पाहिलं असेल. नागपूर-साताऱ्याच्या घरांत ते फ्रेंच शब्द या संघटनेमुळेच पोचले.

रशियाची गोष्ट वेगळी. तिथे फ्रेंच ही उमरावांची ओळख होती. टॉलस्टॉयच्या ‘यौवन’ या 1857 च्या कादंबरिकेत ‘कॉम इल फो’ नावाचं प्रकरण आहे. शब्दशः अर्थ ‘जसं असायला हवं तसं’. त्यातला तरुण निवेदक माणसांची वाटणीच तशी करतो: जे ‘कॉम इल फो’ आहेत ते आणि नाहीत ते. कसोट्या कोणत्या? उत्तम फ्रेंच उच्चार, लांब स्वच्छ नखं, लवून नमस्कार करण्याची आणि नाचण्याची हातोटी, चेहऱ्यावर सततचा कंटाळा. मोठेपणी मागे वळून पाहताना तो या कल्पनेला समाजाने आपल्यात रुजवलेल्या सर्वात घातक कल्पनांपैकी एक म्हणतो. 1917 नंतर तो वर्ग संपला, पण ‘कोमिल्फो’ रशियनमध्ये राहिला. आज एखादी गोष्ट शोभत नाही असं म्हणायला साधा रशियन माणूस तो सहज वापरतो.

शब्द उसना घेणारा तो कसाही वळवतो, हेही त्यात आलं. मैफलीत पुन्हा गाण्याची फर्माईश करताना इंग्रज ‘आँकोर’ ओरडतो, पॅरिसचा श्रोता मात्र ‘बिस’ म्हणतो. ‘नों द प्लूम’, म्हणजे टोपणनाव, हा प्रयोग फ्रेंच शब्द जुळवून इंग्रजांनीच घडवला आणि नंतर तो फ्रान्सने घेतला.

विमानांच्या संकटहाकेचं तेच. 1923 च्या सुमारास लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर फ्रेडरिक मॉकफर्ड हे रेडिओ अधिकारी होते. तिथली बरीच विमानं पॅरिसच्या ल बूर्झे विमानतळावर ये-जा करायची. दोन्हीकडच्या माणसांना चटकन कळेल असा शब्द हवा होता, म्हणून त्यांनी ‘मला मदत करणं’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांच्या उच्चारावरून ‘मेडे’ सुचवला. 1927 मध्ये वॉशिंग्टनच्या रेडिओ परिषदेत त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. फ्रेंच माणूस रस्त्यात मदत मागताना तसं म्हणत नाही. त्याचे शब्द वेगळे आहेत. पण विमान संकटात सापडलं की फ्रेंच वैमानिकही तीनदा ‘मेडे’च म्हणतो.